भूकंपाच्या गावात बिऱ्हाड मांडताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यजमानांची बँकेतून हिंगोली जिल्ह्यात वसमतला बदली झाली आहे, जूनमध्ये बिऱ्हाड हलवायचं आहे. सोबत दोन मुलं आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई. तिकडे दर काही महिन्यांनी जमीन हादरते, जमिनीतून आवाज येतात, हे ऐकून माहेरची माणसं म्हणतात, "तू मुलांना घेऊन नागपुरातच राहा, इथे भूकंप होत नाही." आणि तुम्ही विचारता, तिकडचे लोक राहतात तरी कसे?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. जा, आणि सगळे मिळून जा. फक्त घर बघताना भाडं, पाणी आणि शाळेचं अंतर विचारायच्या आधी भिंत बघा.

मी पेशानं स्ट्रक्चरल इंजिनिअर, आता निवृत्त. उमेदीची तीन वर्षं कोयनेच्या वसाहतीत काढली, 1993 साली किल्लारीच्या भागात घरांची पाहणी करणाऱ्यांत होतो आणि पुढची सगळी वर्षं नागपुरात लोकांच्या बीम-कॉलमची भांडणं सोडवण्यात गेली. त्यामुळे बोलताना थोडा हेका दिसला तर सांभाळून घ्या.

वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी या पट्ट्यात, विशेषतः पांगरा शिंदेच्या आसपास, काही वर्षांपासून असे आवाज आणि धक्के येत आहेत. 21 मार्च 2024 ला पहाटे 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, त्यामागून काही मिनिटांत 3.6 चा. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी पुन्हा 4.5. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. या आकड्यांकडे कसं बघायचं हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते, आणि उरलेली निम्मी योग्य जागी लागते.

हा आकडा भूकंपाचा असतो, तुमच्या घराच्या हादऱ्याचा नसतो. मिरवणुकीतला डीजे किती ताकदीचा ही एक गोष्ट आणि तुमच्या खिडकीची तावदानं किती थरथरली ही दुसरी. डीजे किती लांब आहे, मधे काय आहे आणि खिडकी किती ढिली आहे, यावर ती दुसरी गोष्ट ठरते. शिवाय हा आकडा साध्या पायऱ्यांनी चढत नाही. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. 4.5 आणि किल्लारीचा 6.2 यांत दिसायला पावणेदोन अंकांचा फरक, पण ऊर्जेत साडेतीनशे पटींचा. म्हणून "लहान लहान धक्के येतात ते बरं, जमिनीतला ताण निघून जातो" असं कोणी चावडीवर सांगितलं तर मान डोलावू नका. किल्लारीएवढी ऊर्जा अशा धक्क्यांनी निघायची तर तसे साडेतीनशे धक्के लागतील.

याच्या उलटंही कोणी सांगेल, की लहान धक्के म्हणजे मोठ्याची नांदी. किल्लारीच्या आसपास 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लहान धक्क्यांची मालिका झाली होती आणि वर्षभरात मोठा भूकंप आला, हे खरं. पण डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून असेच धक्के सुरू झाले, लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या, आणि तिथे तसा मोठा भूकंप आला नाही. कोयनेला तर साठ वर्षं जमीन अधूनमधून हलतेच आहे. यातली कोणती वाट वसमतची, हे आज जगात कोणीही सांगू शकत नाही. "आज रात्री 2 वाजता मोठा धक्का येणार, नासानं सांगितलं" असा निरोप ग्रुपवर आला तर पाठवणाऱ्याला काकू म्हणा, मामा म्हणा, पण पुढे ढकलू नका. धक्का बसल्यावर किती होता, कुठे होता हे बघायचं तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं ॲप आहे.

आवाजाचं विचारलंत. तो गूढ वगैरे नाही. भूकंपाच्या पहिल्या लहरी ध्वनीसारख्याच दाब-ढिलाईच्या असतात. केंद्र जमिनीखाली काहीच किलोमीटरवर असेल आणि वर बेसाल्टचा घट्ट खडक असेल, तर त्या लहरींतली जलद कंपनं विरून न जाता वर येतात, जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला गडगडाट किंवा सुरुंगासारखा धम्म आवाज येतो. कित्येकदा आवाज येतो आणि हादरा जाणवतच नाही. जोरदार, नुकसान करणाऱ्या लहरी मागून येतात. केंद्र दहा-पंधरा किलोमीटरवर असेल तर मधे फार तर दोन सेकंद. म्हणजे आवाज ऐकून सासूबाईंना उठवून, चप्पल शोधून, कडी काढून अंगणात पोचायला वेळ नसतो. हा दोन सेकंदांचा हिशेब डोक्यात ठेवा, पुढे कामी येईल.

कोयनेची माणसं कशी राहायची ते सांगतो. तिथे धरणात 1962 पासून पाणी साठू लागलं, धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 चा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली, 103 मीटर उंच धरणाला तडे गेले आणि पुढे ते मागून काँक्रीटचे टेकू देऊन मजबूत केलं गेलं. मी गेलो तेव्हा ही आठवण घराघरात ताजी होती. पण रोजच्या बोलण्यात भूकंप हा शब्द क्वचितच यायचा. "काल भांडी वाजली," एवढंच. भांडी वाजली, दार वाजलं आणि माणूस उठून बसला, अशा त्यांच्या घरगुती पायऱ्या. शेजारच्या आजींच्या मांडणीला समोरून लाकडी पट्टी ठोकलेली, वरच्या फळीवर फक्त सुपं, चाळण्या आणि पापडाचे रिकामे डबे. पितळी घागरी सगळ्या जमिनीवर. मी पहिल्या धक्क्याला उघडा-बोडका रस्त्यावर पळालो, तेव्हा त्या ओट्यावर उभ्या राहून हसल्या होत्या. त्यांनी मला भीती कशी घालवायची हे शिकवलं नाही, घागर कुठे ठेवायची ते शिकवलं.

आता किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला थोडा अवकाश. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. 10,000च्या आसपास माणसं गेली. 6.2 हा भूकंप जगाच्या हिशेबात मध्यमच. एवढे बळी घेतले ते घरांच्या भिंतींनी. दोन-अडीच फूट रुंद दगड-मातीची भिंत बघून वाटतं, हत्ती धडकला तरी हलणार नाही. आत बघितलं तर तिच्या दोन पाठी असतात, बाहेरची एक, आतली एक, मधे चिपा आणि माती भरलेली. दोन्ही पाठींना शिवणारा आरपार दगड कोणी घातलेलाच नसतो. हादरा बसला की दोन्ही पाठी सुटतात, पोट फुगतं, भिंत बसते आणि वरचं माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर, खाली येतं. माळवदावर तर दर पावसाळ्याच्या आधी गळती थांबवायला नव्या मातीचा थर दिलेला, असं वर्षानुवर्षं चाललेलं. काही घरांत मात्र माळवद भिंतीवर नव्हतं, लाकडी खांबांवर आणि तुळयांवर तोललेलं होतं. तिथे भिंत ढासळली तरी वरचा सांगाडा उभा राहिलेला मी बघितला आहे. त्या काळच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हेही माहेरच्यांना सांगा.

म्हणून वसमतला घर बघायला जाल तेव्हा पहिली गोष्ट ही. जुना वाडा, जाड दगडी भिंत, मातीत बांधलेली, वर माळवद किंवा जड छप्पर असेल, तर उन्हाळ्यात कितीही गार असला आणि भाडं कितीही कमी असलं तरी नको. यात मी तडजोड सांगत नाही. साधं, एकमजली, विटा-सिमेंटचं आणि वर स्लॅब असलेलं घर चालेल, पण मालकाला एक प्रश्न विचारा, "दारं-खिडक्यांच्या वर सलग बीमची पट्टी फिरवली आहे का?" लिंटेल पातळीवर सगळ्या भिंतींवरून, कोपऱ्यांतूनसुद्धा न तुटता गेलेली काँक्रीटची पट्टी घराला कमरपट्ट्यासारखी बांधून ठेवते. अनेक ठिकाणी खर्च वाचवायला फक्त दारावर एक तुकडा टाकतात आणि कोपरे मोकळे सोडतात. मालक अडखळला तर गावातल्या मिस्त्रीला विचारा, त्याला सगळं ठाऊक असतं. खिडक्या कोपऱ्याला अगदी चिकटून नसाव्यात, किमान दोन फूट भिंत मधे हवी. गच्चीचा कठडा एकेरी विटेचा, उंच आणि मोकळाच उभा असेल तर त्याच्याखाली मुलांना खेळू देऊ नका. मध्यम धक्क्यात सगळ्यात आधी तोच पडतो. पत्र्याचं घर तुम्हाला कमीपणाचं वाटेल, पण भूकंपात हलकं छप्पर हा मोठाच गुण आहे. पत्र्यावर दगड ठेवलेले असतील तेवढे मात्र काढायला लावा आणि पत्रे हूकनं आवळून घ्या.

तुम्ही फ्लॅटचंही लिहिलंय. खाली सगळं मोकळं पार्किंग, नुसते कॉलम, आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले तीन मजले, ही रचना मला आवडत नाही. 26 जानेवारी 2001 ला भूजजवळ भूकंप झाला तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत अशाच कित्येक इमारती खालचा मजला मोडून बसल्या. वरचा भाग पेटीसारखा ताठ आणि खालचे पाय लुळे, सगळं वाकणं खालच्या कॉलमच्या वाट्याला येतं. कॉलममध्ये उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ घातल्या आहेत का आणि त्यांची टोकं काटकोनात न सोडता 135 अंशांत आत वळवली आहेत का, यावर तो कॉलम फुटतो की नुसता वाकतो हे ठरतं. तुम्हाला ते प्लास्टरमागे दिसणार नाही. बिल्डरकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठीच्या 13920 क्रमांकाच्या भारतीय मानकाचा उल्लेख त्यावर असला तर चांगली खूण. मागितल्यावर तो चिडला, तर तीही एक खूण आहे.

नाइलाजानं दगड-मातीच्या घरात राहावंच लागलं, किंवा यजमानांच्या सहकाऱ्यांपैकी कोणाचं तसं वडिलोपार्जित घर असेल, तर ते पाडायला हवं असं नाही. गच्चीवरची जादा माती उतरवायची. ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार भोक पाडून त्यात दोन्हीकडे आकडा असलेली सळई टाकून काँक्रीट भरायचं, म्हणजे राहून गेलेला आरपार दगड मागून घातल्यासारखं होतं. कोपरे जाळीनं आणि सिमेंट प्लास्टरनं बांधायचे, वर सलग पट्टा द्यायचा. लातूर-धाराशिव भागात 1993 नंतर हे काम झालेलं आहे. नवं घर बांधण्याच्या मानानं खर्च बराच कमी, पण काम जाणत्याच्या देखरेखीत व्हायला हवं.

इथे एक उपप्रश्न, कारण तो मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. भिंतीला तडा दिसला की लोक भूकंपाच्या नावानं खापर फोडतात. आपल्याकडे आणि तिकडेही काळी माती. ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि उथळ पायाच्या घराला दरवर्षी वरखाली करते. मे महिन्यात उघडणारा आणि ऑगस्टमध्ये मिटणारा तडा मातीचा. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर फुलीसारखे तिरपे तडे एकदम उमटले, किंवा कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या, तर तो हादऱ्याचा, आणि तेव्हा इंजिनिअर बोलवा. संशय असेल तर तड्याच्या टोकाला पेन्सिलीनं तारीख टाका आणि आडवी काचेची बारीक पट्टी दोन्हीकडे पक्की चिकटवा. काच तडकली तर तडा जिवंत आहे. कॉलम आणि विटेच्या भिंतीच्या सांध्यात केसासारखी रेघ असेल, तर तिची काळजी न करता तुम्ही खुशाल झोपा.

घरात शिरल्यावर पहिल्या रविवारी ड्रिल मशीन आणा. गोदरेजचं कपाट, फ्रीज, मुलांच्या पुस्तकांचं शेल्फ, सगळ्यांना वरून अँगल मारून भिंतीला जखडा. 4.5 च्या धक्क्यात चांगलं घर पडत नाही, पण कपाटावर ठेवलेली सुटकेस झोपलेल्या पोरावर पडू शकते. खाटा खिडकीखाली आणि कपाटाच्या पडण्याच्या टप्प्यात नकोत. गॅसचं सिलिंडर उभंच, साखळीनं बांधलेलं, आणि रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय. नागपूरकरांसाठी खास सूचना कूलरची. आपण लोखंडी अँगलवर खिडकीबाहेर पाण्यानं भरलेला धूड टांगून ठेवतो आणि त्याखालून लोक जातात-येतात. वसमतला तो खाली, स्टँडवर ठेवा. खरं तर इथेसुद्धा ठेवा.

प्रत्यक्ष धक्का बसेल तेव्हा काय? चांगल्या बांधकामाच्या घरात असाल तर तिथेच खाली बसायचं, मजबूत टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा आणि हादरा थांबेपर्यंत थांबायचं. दाराच्या चौकटीत उभं राहायचं हा जुना समज. आजच्या घरात चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते आणि दार हातावर आपटतं ते वेगळं. जिन्यावर जायचं नाही, लिफ्टचा तर विषयच नको. बहुतेक लोकांना इजा होते ती पळताना, पडणाऱ्या कठड्यानं आणि कौलानं. दगड-मातीच्या घरात मात्र माझं मत जरा वेगळं आहे. तळमजला असेल, दार दोन-तीन पावलांवर आणि समोर मोकळं अंगण असेल, तर तत्क्षणी बाहेर पडणं मी चूक म्हणणार नाही. दार लांब असेल तर पळण्यात अर्थ नाही, तो दोन सेकंदांचा हिशेब आठवा. सासूबाई पळू शकणार नाहीत हे तुम्हाला आजच माहीत आहे, म्हणूनच घराच्या निवडीवर मी एवढं बोललो. त्यांची खाट आतल्या भिंतीशी, वर काहीही टांगलेलं नसलेल्या जागी लावा. उशाला बॅटरी, खाटेखाली बंद चप्पल. फुटलेल्या काचेवरून अनवाणी चालणं हे भूकंपातलं सगळ्यात साधं आणि नेहमीचं दुखणं आहे.

थांबल्यावर गॅस बंद, मेन स्विच बंद, मग बाहेर. मागून आणखी धक्के येतात, म्हणून तडे गेलेल्या घरात दागिने आणायला परत शिरू नका.

मुलांना महिन्यातून एकदा खेळासारखं टेबलाखाली शिरायला लावा. मोठ्यांनीही शिरायचं, नाहीतर ती ऐकत नाहीत. पहिले काही आठवडे ट्रक गेला तरी तुम्हाला जमीन हलल्यासारखी वाटेल, रात्री जाग येईल. तांब्यात काठोकाठ पाणी भरून ठेवा. ते हललं नाही तर काही झालेलं नाही. मला कोयनेत हा भास जायला दोन महिने लागले होते. घरगुती विमाही बघून ठेवा. साधारण विमा कंपन्यांकडे 2021 पासून जी भारत गृह रक्षा पॉलिसी मिळते तीत भूकंप धरलेला आहे, आणि भाडेकरू फक्त सामानापुरतीही ती घेऊ शकतो.

राहता राहिलं माहेरच्यांचं, "इथे होत नाही." 4 डिसेंबर 2024 ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगू भागात 5.3 चा भूकंप झाला. गडचिरोली-चंद्रपूरला चांगलाच जाणवला आणि इथे नागपुरातही वरच्या मजल्यांवरच्या लोकांना पंखे झुलताना दिसले. लांबून येणाऱ्या संथ लहरी उंच इमारतीलाच जास्त झुलवतात, तळमजल्यावरच्यांचा चहासुद्धा हिंदकळला नसेल. 22 मे 1997 ला पहाटे जबलपूरला 5.8 चा झाला, तो नर्मदा-सोन पट्ट्यातला. जबलपूर इथून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर. 2024 च्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात तीनच्या खालचे काही धक्के नोंदले गेले, तेव्हा खाणीतले सुरुंग की भूकंप यावर बरीच चर्चा रंगली. उमरेड-कामठीकडचे सुरुंग ओळखायला सोपे असतात. ते बहुधा दिवसाउजेडी, ठरल्या वेळी उडतात आणि एक धम्म होऊन संपतात. 2002 च्या नकाशात नागपूर दुसऱ्या पट्ट्यात, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. पण त्या नकाशात "पहिला" किंवा "शून्य" असा पट्टाच उरलेला नाही, कारण किल्लारीनंतर तो ठेवायची कोणाची छाती झाली नाही. माहेरचं घर मनीषनगरच्या पार्किंगवरच्या फ्लॅटमध्ये असेल, तर वसमतच्या साध्या एकमजली, पट्टीबंद घरात मी जास्त निवांत झोपेन.

घर पक्कं करायच्या आधी चार गोष्टींचे फोटो काढून ठेवा: चारही कोपरे बाहेरून, दारावरची भिंत, गच्चीचा कठडा आणि शेजारच्या इमारतीशी असलेली मधली फट. ते बघून हो-नाही सांगता येईल. कपाटांच्या अँगलला घरमालक पैसे देणार नाही. आजवर कोणी दिल्याचं ऐकलं नाही. तुम्हीच द्या, आणि तीन वर्षांनी बदली झाली की स्क्रू काढून अँगल नागपूरला घेऊन या. येताना दोन किलो हळदही आणा, वसमतची चांगली असते.